नकट्या सिंहाची खुर्ची

हेमेंद्रला खुर्ची हवी होती ती भिंतीसाठी, आणि आबांना हवी होती ती बसायला. हे आमच्यापैकी कोणीच आधी मोठ्याने बोललं नाही, म्हणून तिघेही एकाच गाडीतून गेलो.

हेमेंद्र माझा नवरा. आबा माझे सासरे, महिपतराव, वय ऐंशीच्या पुढे. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून हॉलमधला सोफा त्यांचा वैरी झाला. बसायला बसत, पण उठताना कोणीतरी काखेत हात घालून ओढावं लागे. त्यासाठी हाक मारायची त्यांना लाज वाटे. मग त्यांनी बसणंच सोडलं. पेपर खिडकीशी उभ्याने वाचायचा, चहा ओट्याला टेकून प्यायचा, पाहुणे आले की चौकटीला खांदा लावून गप्पा मारायच्या. "बसा ना आबा" म्हटलं की म्हणत, "बरं आहे असंच." मला ते बघवत नव्हतं. त्यांच्यासाठी हातांची, भक्कम अशी एक खुर्ची आणू, हे मीच काढलं.

हेमेंद्रने ते लगेच उचललं, पण भलत्याच टोकाने. शिंदे की छावनीतल्या आमच्या घराचा हॉल नुकताच रंगवला होता आणि मधल्या भिंतीवर त्याच्या आजोबांचा फोटो परत लागला होता. कान्होजीराव. डोक्याला पागोटं, पल्लेदार मिशा, नक्षीच्या खुर्चीत ताठ बसलेले, दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर कोरलेल्या सिंहांच्या डोक्यांवर. कोणीही आलं की हेमेंद्र सांगायचा, आजोबांना दरबारात मानाची खुर्ची होती, हीच ती. मग आबांकडे वळून विचारायचा, "होती ना, आबा?" आबा म्हणायचे, "असेल." मी नवी सून असताना मला वाटे, काय हा विनय. मान सांगायची खोड माझ्या माहेरी देवासलाही आहे, पण आम्ही निदान पाहुण्याचा चहा होऊ देतो.

तर हेमेंद्रला फोटोखाली तशीच खुर्ची मांडायची होती. आबा तिच्यात बसले तर उत्तमच, असं त्याचं म्हणणं.

जयेंद्रगंजात गरिमा नावाच्या एका मुलीने जुन्या फर्निचरचं मोठं दुकान काढलंय. जुनं म्हटलेलं तिला चालत नाही, विंटेज म्हणायचं. तिने आबांना पहिल्यांदा लांब हातांच्या आरामखुर्चीत बसवलं. "अंकल जी, इसमें तो आपको नींद आ जाएगी।" झोप येईल हे खरंच होतं, कारण आत गेलेला माणूस बाहेर येण्याची सोयच नव्हती. मी आणि हेमेंद्रने आबांना दोन्हीकडून धरून काढलं. आबा माझ्याकडे न बघता शर्ट नीट करत राहिले.

दुसरी मखमलीची होती. बसलं की गादी खाली जाई आणि गुडघे छातीशी येत. तिसरी दिसायला सुरेख, पण मागच्या पायाशी बारीक भुसा पडलेला. वाळवीला पॉलिश लावून विकत होते. ऑपरेशननंतर व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी मला सांगून ठेवलं होतं की पाऊल पूर्ण जमिनीला टेकलं पाहिजे, गुडघा कमरेच्या वर जाता कामा नये आणि उठताना रेटा द्यायला खुर्चीचे हात पुढपर्यंत हवेत. मी प्रत्येक खुर्ची हलवून, दाबून बघत होते. गरिमाला माझा कंटाळा आलेला दिसत होता. मलाही तिचा आला होता.

तेवढ्यात हेमेंद्रचा आतल्या दालनातून आवाज आला. "सीमंतिनी, इकडे ये. जल्दी."

तो एका खुर्चीसमोर मोबाइल धरून उभा होता. उंच पाठ, वेताची बैठक, हातांवर सिंह. डावीकडच्या सिंहाचं नाक उडालेलं. मोबाइलमध्ये आजोबांचा फोटो मोठा केलेला, त्यातही डावीकडचा सिंह नकटा.

"तीच आहे," हेमेंद्र म्हणाला. "आपल्याच घरातून गेली असणार. कोणी तरी बेचून दिली."

गरिमा मागून आलीच. "सर, ये दरबार का पीस है। एक सरदार की हवेली से निकला है।" मघाची मखमलीची आणि ती वाळवीची, दोन्ही खुर्च्या तिच्या मते त्याच हवेलीतून निघाल्या होत्या. हवेली फार मोठी असावी.

मी काही बोलणार तर माझं लक्ष तिच्या मागच्या भिंतीकडे गेलं. शोभेसाठी जुने फोटो फ्रेम करून लावले होते. काळ्या कोटातले एक वकील. जरीच्या टोपीतला एक मुलगा, पाय अधांतरी. एक नवरा, आणि त्याच्या खांद्यामागे उभी असलेली नऊवारीतली बायको. माणसं सगळी वेगळी, खुर्ची एकच. सगळ्यांमध्ये डावीकडे तोच नकटा सिंह.

मी आबांकडे पाहिलं. ते आधीपासूनच त्या भिंतीकडे बघत होते. मला भीती वाटली, आणि ती हेमेंद्रसाठी नव्हती. आयुष्यभर जपलेली गोष्ट म्हाताऱ्या माणसाकडून अशी दुकानात काढून घेतली जाते की काय, असं वाटलं.

हेमेंद्रनेही मान वर केली. एकेक फोटो बघितला. "ये फोटो किसके हैं?"

"वो तो बस डेकोर है सर। लश्कर इलाके में एक पुराना स्टूडियो बंद हुआ, कुर्सी के साथ ही..." गरिमा म्हणाली आणि थांबली. सरदारांची हवेली तिथेच कोसळली.

"म्हणजे आजोबांनीच त्या स्टुडिओला खुर्ची दिली असणार," हेमेंद्र घाईने म्हणाला. "दिली असेल ना, आबा?"

ह्या वेळी आबा 'असेल' म्हणाले नाहीत. "नाही रे. खुर्ची स्टुडिओचीच. तुझे आजोबा चोपदार होते. चांदीची काठी धरून उभे असायचे, दरबार भरला की उठेपर्यंत. घरी आले की आई परातीत गरम पाणी ओतायची, त्यात पाय सोडून बसायचे. फोटोवाला खुर्चीवर बसा म्हणाला तर बसेनात. आई सांगायची, फार मिनत्या कराव्या लागल्या."

"मग इतकी वर्षं मला बोलला का नाहीत?"

"तू सांगताना फार खूश दिसायचास."

हेमेंद्रने मोबाइल खिशात घातला. कान लाल झाले होते. "चला, घरी जाऊ. ऑनलाइन बघू काही तरी." तो दाराकडे वळलासुद्धा.

आबा वळले नाहीत. ते पाठमोरे होऊन खुर्चीला टेकले आणि बसले. पावलं जमिनीला पुरती टेकली. मी गुडघे बघत होते. मग त्यांनी दोन्ही तळवे सिंहांच्या डोक्यांवर ठेवले, पुढे झुकून रेटा दिला आणि उठले. कोणाचा हात लागला नाही. परत बसले, परत उठले.

"उठता येतं," ते मला म्हणाले. मी गरिमाला भाव विचारला.

"आबा, फोटोवाल्याची कुर्सी आहे ती," हेमेंद्र म्हणाला. "लोकांना काय सांगायचं?"

"फोटोवाल्याची आहे म्हणून सांग. तुझ्या आजोबांना एकदाच बसायला मिळालं हिच्यात. मी रोज बसेन."

गरिमाने हवेलीचा भाव सांगितला. मी नुसतं भिंतीकडे बघितलं, तेव्हा तिने स्टुडिओचा सांगितला.

पुढच्या रविवारी माधवगंजहून पुष्कर आला, हेमेंद्रचा चुलत भाऊ. हाच फोटो त्यांच्याही हॉलमध्ये आहे, आणि हीच गोष्टही. आबा फोटोखाली बसून पेपर वाचत होते. पुष्कर दारातच थबकला. "अरे वा. मानाची खुर्ची मिळाली का?"

हेमेंद्रने तोंड उघडलं. मी चहाचा ट्रे हातात धरून थांबले.

"स्टुडिओतली आहे," तो म्हणाला. "आजोबा चोपदार होते. उभे असायचे."

"अच्छा," पुष्कर म्हणाला आणि चप्पल काढायला उगाच फार वेळ लावला.

आबांनी पेपराची घडी घातली. तळवे सिंहांवर ठेवले. हेमेंद्र सवयीने हात द्यायला पुढे झाला, पण ते तोवर उठलेही होते.

"तू बस," ते त्याला म्हणाले. "मला जरा उभं राहावंसं वाटतंय."

हेमेंद्र आधी काठावर बसला, मग मागे टेकला. आबा पेपर घेऊन खिडकीशी गेले.