वसीलाचे सात पोशाख

माझ्या बहिणीने आपल्या लग्नात घातलेले सातही पोशाख माझ्या मापाचे होते. यात कुणाचाही हेतू वाईट नव्हता.

अल्जीरियाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या मोस्तगानममध्ये नवरी एका पोशाखात सुटत नाही. दुपारी बायका जमल्या की ती उंच खुर्चीवर येऊन बसते, दहा मिनिटं कुणाकडेही न बघता बसून राहते, उठून आत जाते आणि दुसऱ्या पोशाखात परत येते. असं सात वेळा. हे सातही पोशाख भाड्याने आणायचे आणि आमच्या गल्लीत ते झुलीखाखालाकडूनच आणायचे. खाला म्हणजे आईची सख्खी बहीण. तीस वर्षं ती नवऱ्या सजवते आहे. तिचा हिरवा मखमली झगा इतक्या लग्नांच्या फोटोंत आहे, की गल्लीतल्या पोरांना त्यातली आपली आई कुठली हे चेहरा नीट बघूनच ठरवावं लागतं.

माझी बहीण वसीला मात्र शाळेत असल्यापासून स्वतःचं सगळं स्वतः शिवते आणि विणते. मोजे, झगे, कोट, सगळं. एकदा तिने पोहण्याचा पोशाखही विणला होता. तो समुद्रात शिरताना गुडघ्यापर्यंत होता आणि बाहेर आला तेव्हा घोट्यापर्यंत. तिने तो पुढे दोन वर्षं झगा म्हणून वापरला.

तर फेब्रुवारीत लग्न ठरलं आणि तिने भर जेवणात खालाला सांगितलं की सातही पोशाख मीच करणार, दुसऱ्या कुणाचा एक टाकाही त्यात असणार नाही. खालाने शांतपणे घास संपवला.

"आणि नाही जमलं तर?"

"एक जरी बिघडला, तर तुझा हिरवा घालीन."

"धुऊन ठेवते," खाला म्हणाली.

अडचण पहिल्याच आठवड्यात आली. आईचं म्हणणं असं की नवरीने लग्नाआधी लग्नातला कपडा अंगाला लावायचा नाही. आईच्या एका मावसबहिणीने लावला होता. तिचा होणारा नवरा गाडीचा एक सुटा भाग आणायला मार्सेलला गेला, तो अजून तो भागच शोधतो आहे. आईपुढे वसीलाचं काही चालेना. मग तिची नजर घरभर फिरून माझ्यावर थांबली. आमची उंची एक, खांदे एक, आणि मी तेव्हा पंख्याच्या वाऱ्याने हलायचो.

अशा रीतीने मी पुतळा झालो. दर शुक्रवारी मी नवरीच्या पोशाखात खोलीच्या मधोमध उभा राहायचो, तोंडात टाचण्या धरलेली वसीला माझ्याभोवती फिरायची आणि मी श्वास घेतला की ओरडा खायचो. समोरच्या गच्चीवरच्या म्हातारीने पहिल्या महिन्यात मला सलाम करणं बंद केलं. दुसऱ्या महिन्यात ती मला, बाळ, बाही थोडी लांब हवी, असं सांगू लागली.

दर शुक्रवारीच आई लग्नाच्या मिठाईचे नमुने करून बघायची. बदामाचे, तिळाचे, मधात बुडवलेले खजुराचे. चव बघायला कुणीतरी हवं होतं आणि मी तसाही उभाच होतो.

दुसऱ्या पोशाखाची शिवण मला जरा आवळली. वसीला म्हणाली, इस्त्रीने कापड आखडलं. तिने दोन बोटं शिवण सोडली आणि तिसरा पोशाख बेतताना ती दोन बोटं आधीच धरली. तिसराही आवळला. तिने इस्त्री बदलली. पाचव्याला तिने कापडवाल्याशी भांडून त्याला रडवलं. सातवा तिने पांढऱ्या लोकरीचा विणला होता, ऐन ऑगस्टसाठी, कारण असा पोशाख गल्लीत कुणी घातला नव्हता. तो विणताना तिने कापडाच्या स्वभावाचा पूर्ण विचार करून माप धरलं. मला तो अगदी चपखल बसला.

लग्नाच्या दिवशी मी स्वयंपाकघरात होतो. बायकांच्या दालनात पुरुषाला मज्जाव असल्याने मला दाराच्या फटीतून बातम्या मिळत होत्या. पहिला पोशाख अंगाबरोबर होता. दुसरा जरा मोकळा. तिसऱ्यात वसीला बाहेर आली तेव्हा पुढच्या रांगेतली एक बाई दुसरीला म्हणाली की पोरगी सुकली हो, आईला सोडून जायचं दुःख. चौथ्यात रडारड सुरू झाली. पाचव्यात तर, नुसता सापळा उरलाय, असं एकीने सांगितलं आणि आई, जिने सकाळी स्वतःच्या हाताने वसीलाला चार अंडी भरवली होती, तीही हुंदके देऊ लागली. वसीलाची सासू प्रत्येक पोशाखानंतर नवरीसाठी मिठाईचं ताट आत पाठवत होती. वसीलाला खाणं सुचत नव्हतं. ताटं माझ्याकडे येत होती.

सहाव्यासाठी ती आत आली तेव्हा मी तिळाचा लाडू तोंडात टाकत होतो. तिने माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं.

"उभा राहा," ती म्हणाली.

मी राहिलो.

"फेब्रुवारीत तू इतका होतास?"

मी विचार करून सांगितलं की फेब्रुवारीत मी स्वतःकडे नीट लक्ष दिलं नव्हतं. तिने ते तिथेच सोडलं आणि सहावा पोशाख दोन्ही काखांत दाबून धरून बाहेर जाऊन बसली. परत आल्यावर सातवा डोक्यावरून घातला. तो खांद्यांवर न थांबता सरळ जमिनीवर गेला आणि ती त्याच्या मधोमध पेटिकोटात उभी राहिली.

तेवढ्यात दार ढकलून खाला आली. हातात पिशवी. वसीलाने पिशवीकडे बघितलं आणि दोन्ही हात पुढे केले. सहा महिने रोज रात्री ती बोटं शेकायची, हे मला ठाऊक होतं.

"दे तुझा हिरवा," ती म्हणाली.

खालाने पिशवी मेजावर उपडी केली. चाळीसेक चिमटे पडले. लाकडी, कपडे वाळत घालायचे.

"हिरवा घरी आहे. तिसऱ्यालाच कळलं मला, तेव्हा हे आणायला गेले. नंतर बसले वाट बघत, तू मागायला येशील म्हणून."

"चिमटे?"

"तीस वर्षं एकाच हिरव्यात जाड्या, बारक्या, ठेंगण्या, सगळ्या बसवल्या मी. तुला काय वाटलं, झगा त्यांना बघून आवरून घेतो? वर ओढ तो. पाठ कर."

"पण दुसऱ्याचा टाका..."

"चिमट्याला टाका म्हणतात का गं, शहाणे? हात वर."

ती मानेपासून कमरेपर्यंत लोकर मागे खेचत चिमटे लावत गेली. वसीला पुढून राणी दिसत होती. मागून ती आमची गच्ची दिसत होती. दोघींपैकी कुणी हसलं नाही, कारण हसलं की खांद्याचा चिमटा सुटत होता.

शेवटचा लागतोय तोच नवऱ्याची थोरली बहीण फौझिया नवरीला न्यायला आत आली. गल्लीत तिच्यासारखी खोड काढणारी दुसरी नव्हती. तिने वसीलाला मिठी मारली. तिचा हात वसीलाच्या पाठीवर गेला आणि थांबला. खालाने डोळे मिटले. मी लाडू गिळला.

फौझियाची बोटं रांगेवरून सावकाश खाली गेली. मग तिने एक चिमटा काढला आणि दोन बोटं खाली सरकवून परत लावला.

"हा इथे लावू नये. बसलं की टोचतो," ती म्हणाली, आणि खालाकडे वळली. "माझ्या लग्नात तुझ्या हिरव्याला तू तो इथेच लावला नसतास, तर मी फोटोंत अशी रडवेली दिसले नसते."

मग तिने वसीलाचा हात धरला, स्वतः तिच्या पाठीला लागून उभी राहिली, आणि दोघी एकामागे एक, अगदी चिकटून, दालनात गेल्या.