मोटर मागं घेताना

ग्यानोबा ड्रायव्हरला मोटर मागं घेता येत नव्हती. भोकरात ही गोष्ट एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो माणूस म्हणजे खुद्द ग्यानोबा.

आता कुणी म्हणेल, भोकर ते नांदेड रोज मोटर चालवणाऱ्याला मागं घेता येत नाही, हे कसं? तर त्याचं असं झालं. निजामाचं राज्य होतं, दुसरी मोठी लढाई अजून सुरू व्हायची होती, आणि आमच्या भागात मोटर शिकवणारं कुणी नव्हतं. लक्ष्मणराव आडत्यांनी पहिली मोटर आणली ती दुसऱ्यांनी वापरून टाकून दिलेली. तिचा उलटा गिअर मोडलेला. ग्यानोबा तिच्यावरच शिकला. मागं घ्यायची वेळ आली की उतारू खाली उतरायचे, पुढून रेटायचे आणि मोटर मागं सारायचे. पुढं ती मोटर मोडीत गेली आणि लक्ष्मणरावांनी दुसरी आणली. हिचा उलटा गिअर ठणठणीत होता. ग्यानोबानं एकदा कुणी नसताना माळावर नेऊन तो लावून पाहिला. चाक कुठं फिरवावं आणि मोटरीचं ढुंगण कुठं जातं याचा मेळच बसेना. मोटर बाभळीत घुसली आणि ती पुढं काढता काढता त्याला घाम फुटला.

कुणाला विचारावं तर पंचाईत. नांदेडच्या अड्ड्यावरच्या ड्रायव्हरांना हा गडी येता-जाता अक्कल शिकवायचा. त्यांच्यापुढं जाऊन "मला मागं घ्यायला शिकवा" म्हणायचं? छे! त्यापेक्षा थाप मारणं सोपं होतं. त्यानं उतारूंना सांगून टाकलं, "उलटी घेतली की इंजन जळतंय. नवी मोटर हाय, जपाया पायजे."

लोकांना ते पटलं. न पटायला काय झालं? मोटरीतलं कळणारा गावात दुसरा होताच कोण? पाच-सहा वर्षं लोक इमानानं उतरत होते, पदर खोचून, धोतर सावरून मोटर मागं रेटत होते. नवा उतारू कुरकुरला तर जुनेच त्याला दटावायचे, "इंजन जळलं तर तू भरून देशील का?" ग्यानोबा चाकावर बसून, मान मागं वळवून, मोटर सुतासारखी सरळ नेऊन लावायचा. त्याचंही लोकांना कौतुक होतं.

दरसाल लायसनची तजदीद करावी लागे, म्हणजे ते नव्यानं चालू करून घ्यावं लागे. लक्ष्मणरावांचा मुनीम कागद घेऊन नांदेडला जायचा आणि शिक्का मारून आणायचा. त्या साली मात्र नवे पोलीस मोहतमीम, म्हणजे जिल्ह्याचे बडे पोलीस साहेब, आले आणि त्यांनी हुकूम काढला: ड्रायव्हरनं स्वतः मोटर घेऊन यावं, साहेबांसमोर चालवून दाखवावी, मगच तजदीद होईल.

लायसन गेलं की मोटर गेली, आणि मोटर गेली की ग्यानोबा पुन्हा आडतीत पोती उचलणार. पण खरं सांगायचं तर त्याला पोत्यांची भीती नव्हती. थाप उघडी पडायची भीती होती. तो स्वतःची समजूत घालत राहिला, 'मैदानात गोल फिरवायला लावतील, झालं. मागं कशाला घ्यायला लावतील?'

रिकामी मोटर नांदेडला नेणं लक्ष्मणरावांच्या जिवावर आलं, म्हणून नेहमीप्रमाणे उतारू भरूनच ती निघाली. नांदेड आलं तरी उतारू काही उतरेनात. "आपल्या ग्यानोबाची परीक्षा हाय, बघून मंग बाजारात जाऊ," असं लक्ष्मम्मानं ठरवलं होतं. लक्ष्मम्मा तेलंगणाकडून भोकरात दिली होती, मिरच्या विकायची, आणि तिनं ठरवलं की मोटरीत सगळ्यांचं ठरायचं. शाळेतले शेषेराव गुरुजीही होते. सगळे पोलीस मैदानाच्या कडेला लिंबाखाली टोपल्या-गाठोडी घेऊन उभे राहिले.

मोहतमीम साहेब ग्यानोबाच्या शेजारी बसले. ग्यानोबानं मोटर फिरवली ती अशी की साहेब दोनदा "शाबास" म्हणाले. लिंबाखालच्या मंडळींच्या छात्या फुगल्या. मग साहेबांनी एका भिंतीकडं तोंड करून मोटर थांबवायला लावली.

"अब पीछे लो."

ग्यानोबाचा हात गिअरच्या दांड्यावर गेला आणि तिथंच राहिला. तो भिंतीकडं बघत बसला.

लिंबाखालून लोकांनी पाहिलं. भिंतीकडं तोंड करून मोटर उभी राहिली म्हणजे काय करायचं हे त्यांना सांगायला लागत नव्हतं. लक्ष्मम्मानं टोपली खाली ठेवली, पदर खोचला आणि सगळ्यांना हाक दिली. ग्यानोबा नको नको म्हणून हात हलवत होता, पण ते त्यांना "या, या" असंच वाटलं. धावत येऊन सगळे भिंत आणि मोटर यांच्या मधल्या जागेत शिरले आणि हात लावून उभे राहिले.

"ये क्या तमाशा है?" साहेब म्हणाले.

गुरुजी पुढं झाले. त्यांना उर्दू यायचं आणि ते दाखवायची संधी ते सोडत नसत. "हुजूर, उलटा लेने से इंजन जलता है. हम लोग हमेशा ढकेलते हैं. हमारे ड्रायवर साहब मोटर को बहुत जपते हैं."

साहेब हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ग्यानोबाकडं वळून हळूच विचारलं, "ये तुमने बताया इनको?"

ग्यानोबानं नजर समोर वळवली. समोरच्या काचेतून सगळे त्याच्याकडंच बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती. साहेब आपल्या ग्यानोबाला रागावताहेत याची काळजी.

साहेबांनी त्याला सरकायला सांगितलं. स्वतः चाकावर बसले, दांडा खाली दाबून एकीकडं ओढला आणि एका हातानं चाक धरून मोटर मागं सोडली. मोटर आपली आपण मागं गेली. अर्धं मैदान गेली. इंजन जळालं नाही, धूर निघाला नाही, काही झालं नाही. भिंतीपाशी माणसं तशीच उभी होती, कुणाकुणाचे हात अजून पुढं होते.

लक्ष्मम्मानं आपला उजवा हात खाली घेतला आणि मनगट चोळलं. गेल्या पावसाळ्यात रेटताना चिखलात पाय घसरून ते मनगट मोडलं होतं आणि वाकडंच बसलं होतं. तेव्हा ग्यानोबा तिच्या घरी जाऊन म्हणाला होता, "अक्का, तुज्यामुळं इंजन वाचलं." आणि ती खूश झाली होती. ग्यानोबाला ते आठवलं आणि आपल्याला आत्ता इथं धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

साहेब भले होते. जुनं लायसन महिनाभर चालू राहील, तेवढ्यात शिकून परत या, म्हणाले. उतरताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सीख लो. इसमें शर्म की क्या बात है?"

बाजार करून लोक परतीला मोटरीत बसले. ग्यानोबानं मनाची तयारी केली होती. आता कुणीतरी शिवी देईल, कुणीतरी विचारील, "का रं, आमास्नी बैल समजलास?" त्यानं उत्तरही जुळवलं होतं. पण कुणी काही विचारलंच नाही. लोक पेरणीचं बोलले, कुणाच्या तरी सोयरिकीचं बोलले. त्याचं नाव निघालं की विषय बदलायचा. आपल्या मनाला लागू नये म्हणून ही माणसं जपताहेत, हे त्याच्या ध्यानात आलं आणि ते शिवीपेक्षा वाईट होतं.

भोकरात मोटरीचा अड्डा एका बोळाच्या तोंडाशी होता. आत गेलेली मोटर मागं घेऊनच वळवावी लागे. ग्यानोबानं मोटर थांबवली. लोकांनी आपापली गाठोडी उचलून निघून जावं, एवढंच त्याला हवं होतं. पण गाठोडी खाली ठेवून सगळे पुढच्या बाजूला जमले.

"राहू द्या," तो कसाबसा म्हणाला. "म्या घेतो. बाजूला सरका."

त्यानं साहेबांसारखा दांडा दाबला आणि ओढला. खर्रकन आवाज झाला, मोटर हिसका मारून पुढंच आली. माणसं ओरडत बाजूला झाली. गुरुजींचा तोल गेला, त्यांना दोघांनी सावरलं. इंजन बंद पडलं.

मग लक्ष्मम्मा परत पुढं आली.

"अय्यो, आज नगं रे बाबा. कुणी तरी मरंल. ईल तुला हळूहळू. तवर आमी हाव की."

तिच्या आवाजात राग नव्हता. लहान लेकराला समजवावं तसं ती बोलली आणि हात लावून उभी राहिली. तिच्या मागून बाकीचेही आले.

ग्यानोबाला बसवेना. आपण खाली उतरावं, यांच्यात उभं राहून रेटावं, एवढं तरी करावं, असं वाटून त्यानं दार उघडलं. एक पाय खाली टाकला.

"तू कुठं उतरून राहिलास?" गुरुजी म्हणाले. "मंग चाक कोण धरंल? आमच्यात कुणाला येतंय?"

ते खरंच होतं. त्यानं पाय आत घेतला आणि दार लावलं. काचेपलीकडं सगळ्यांची तोंडं त्याच्याकडं होती, जोर लावून लाल होत होती, आणि मोटर हळूहळू मागं निघाली.