शिवण अर्धी सोडून

मंगळवारी सकाळी नऊ चाळीसला आई म्हणाली, "सिस्टर, या सुया काढा. पुरे झालं."

डायलिसिस सुरू होऊन तासच झाला होता, तीन तास बाकी होते. शेजारी बसलेला मुलगा उठून उभा राहिला. आई एकोणऐंशी वर्षांची. चाळीस वर्षं शिवणकामाचं दुकान चालवलेली. एकदा बोलली की बोलली.

"दुखतंय का?" त्याने विचारलं.

"कंटाळलेय. आठवड्यातले तीन दिवस इथे, उरलेले चार इथल्या थकव्यातून सावरण्यात. आता राहतील ते दिवस माझ्या खिडकीपाशी."

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. डायलिसिस थांबवलं तर आठवडा, फार तर दोन. निर्णय तिचा.

"रब्बींना फोन लाव," आई मुलाला म्हणाली. "जन्मभर धर्म पाळला. आता देवाघरी जाऊन बोलणी खायची नाहीत मला."

रब्बींनी, त्यांच्या ज्यू धर्मगुरूंनी, फोनवर डॉक्टरांना दोन प्रश्न विचारले: बरं होण्याची आशा आहे का? उपचारांनी हाल होतात का? मग आईशी बोलले. "मरण ओढून आणायचं नाही. सुरू झालेला उपचार मध्येच तोडू नका, आजचा पुरा होऊ द्या. गुरुवारचा मात्र नवा. तो घ्याच, असं मी म्हणणार नाही. दुसरे रब्बी कदाचित म्हणतील."

आई हसली. "शिवण अर्धी सोडून उठायचं नाही! दुकानातल्या पोरींना मी दुसरं काय सांगायचे?"

मग मुलाच्या बाहीचं लोंबतं बटण तिला दिसलं. तिचा एक हात यंत्राला जोडलेला. सिस्टरकडून सुईदोरा मागवून तिने ते त्यालाच लावायला लावलं. "गाठ मागून, गाढवा. पन्नाशी आली तरी तुझा टाका तिरकाच."

"गुरुवारी येशील ना, आई?" त्याने मान खाली घालूनच विचारलं.

"बुधवारी विचार."

बुधवारी म्हणाली, "उद्या विचार."

गुरुवारी सव्वाआठला टॅक्सी घराखाली येऊन उभी राहिली. आई खिडकीपाशी बसली होती. त्याचा शर्ट मांडीवर घेऊन तिने त्याने लावलेलं बटण उसवलं होतं आणि ते नव्याने लावत होती.

"आई, निघायचं का?"

"टाका सुरू आहे. थांब."

पावणेनऊला सिस्टरचा फोन आला. डायलिसिसची खुर्ची दहापर्यंत राखून ठेवते, म्हणाली. मुलाने टॅक्सीवाल्याला थांबायला सांगितलं आणि आईशेजारी स्टूल ओढून बसला.

साडेनऊला टॅक्सी खालीच होती, आणि सुईत दोरा होता.