शंभूबुवांचा काळा दोरा

शुक्रवारी सकाळी जेटीवर पाऊल ठेवायला जागा नव्हती. आखातातल्या या माहूज वस्तीमधल्या निम्म्या मराठी बिऱ्हाडांनी सुट्टीची झोप मोडून हजेरी लावली होती, कारण शंभूबुवा आज एका डिझेल इंजिनाची बाधा कायमची उतरवणार होते. डिझेल इंजिनालाही बाधा होते हे ऐकून कस्तुरीच्या मस्तकात तिडीक जात होती. हातात नारळ धरून ती उभी होती.

इंजिन होतं शिडाच्या एका छोट्या बोटीतलं; बोट तिची आणि तिच्या नवऱ्याची, जयेशची. जयेश बँकेतला, त्याला शिडं कळत, इंजिनातलं ओ की ठो कळत नसे. इंजिन पाहायची ती कस्तुरी, कारण इस्पितळातली डायलिसिसची यंत्रं दुरुस्त करणं हीच तिची नोकरी. पण तीन महिन्यांपूर्वी ती ड्यूटीवर असताना इंजिन सुरू होईना. कुणीतरी बुवांना आणलं. बुवांनी ते सुरू करून दाखवलं आणि निदान केलं, घरच्या बाईचा पाय बोटीला बाधतोय! तेव्हापासून कस्तुरीला बोटीवर मज्जाव. इंजिन सुरू आणि बंद करायला दर शुक्रवारी बुवा स्वतः हजर, आणि मधल्या वेळात समुद्राची हवाही खाणार. आज तर तिने सगळ्यांदेखत नारळ फोडून शपथ घ्यायची होती, पुन्हा या बोटीवर पाय ठेवणार नाही म्हणून.

जयेशने किल्ली फिरवली. स्टार्टर घरघरला, पण इंजिन पेटेना. पुन्हा फिरवली. पुन्हा.

"जयेश, बास कर! नुसता स्टार्टर फिरवत राहिलास तर समुद्राचं पाणी इंजिनात शिरेल!"

"तू लांब उभी राहा गं. बुवांनी सांगितलंय ना?"

"पाहिलंत?" बोटीत उभे असलेले बुवा गरजले. "बाई दहा फुटांवर, तरी यंत्राचा श्वास कोंडला! डोळे मिटा सगळ्यांनी. जो उघडेल त्याच्या व्हिसाला साडेसाती!"

व्हिसाचं नाव निघताच पापण्या पटापट मिटल्या. कस्तुरीने मिटल्या नाहीत.

सुकाणूपाशी एक लाल मूठ बाहेर ओढलेली होती. तिच्यामागे काळा दोरा घट्ट गुंडाळलेला, त्याला लिंबू-मिरची. बुवांनी मंत्र पुटपुटत दोरा सोडवला, आशीर्वाद दिल्यासारखा तळवा मुठीवर ठेवला आणि ती हळूच आत दाबली.

"हं, जयेश!"

इंजिन धडधडू लागलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"काटा आला बाई अंगावर!" शेजारची लीना म्हणाली. "कस्तुरी, फोड नारळ. काय जातंय तुझं?"

कस्तुरीने नारळ तिच्याच हातात दिला आणि सरळ बोटीत पाय टाकला.  इंजिन धडधडतच राहिलं.

"ठेवला पाय. चाललंय ना?" तिने लाल मूठ ओढली. इंजिन बंद पडलं.

"बाधा!" बुवा ओरडले.

"बाधा नाही, डिझेल बंद केलं मी. ही मूठ त्यासाठीच असते. इंजिन थांबवायचं तर ओढायची, मग आठवणीने परत आत ढकलायची. पहिल्या वेळी जयेश ढकलायला विसरला. बुवा पूर्वी हर्णैला मासेमारीच्या बोटीवर होते, तेच सांगतात; त्यांनी ओळखलं. त्यानंतर दर शुक्रवारी इंजिन थांबवलं की मुठीमागे हा दोरा गुंडाळायचे, म्हणजे मूठ आत जाऊच नये. वर हुकूम, दोऱ्याला कुणी हात लावायचा नाही! बुवा, आता दोरा नाही. मूठ मी आत ढकलते. मंत्राने रोखा इंजिन."

"ध्यानभंग झाला," बुवा पुटपुटले.

"जयेश, तू कर."

जयेशने किल्ली फिरवली, सुरू. मूठ ओढून दोरा गुंडाळला, मेलं. दोरा सोडवून मूठ दाबली, किल्ली फिरवली, सुरू. शेजारच्या बोटीवरचा लतीफ खो खो हसला, "खलास, बाबा, खलास!" बुवा जेटीवर चढून गर्दीतून वाट काढू लागले.

"यंत्र अडलं तर आधी डिझेल बघा, बॅटरी बघा," कस्तुरी लोकांना म्हणाली. "तिथे सापडलं नाही तर जाणत्याला विचारा. माणसावर खापर फोडणं सोपं, म्हणून आपण तिथूनच सुरुवात करतो. आणि कुणी डोळे मिटायला सांगितलं, तर कृपा करून ते आणखी मोठे करा."

"चुकलंच माझं," जयेश खालच्या आवाजात म्हणाला. "चल, जाऊन येऊ दोघं."

"तीन महिने तू माझा पाय तपासलास, जयेश. इंजिन एकदाही नाही."

"मग... उतरू मी?"

"आज उतर."

तो जेटीवर उतरला. कस्तुरीने दोर सोडले आणि एकटीच बोट बाहेर काढली.