ए की बी

ताईच्या उजव्या हाताला आता दोनच गोष्टी जमत होत्या, पुढे ढकलणं आणि मागे ओढणं. आजारपणानंतर मनगट वळेना, बोटं सुटी हलेनात. कॉम्प्युटरवरच्या खेळातलं विमान ती डाव्या हातानं झकास उडवायची. पण उतरताना इंजिनाचा जोर कमी-जास्त करायची बटणं धाकट्या भावाला दाबावी लागत, आणि तेच तिला खुपायचं.

"दुसऱ्याच्या बोटांनी उतरवलेलं विमान कसलं माझं?" ती म्हणाली. "एवढंही जमत नसेल तर या हाताला आता काही सांगायचंच नाही. राहू दे लोंबत."

बोलली हसत, पण हाताचा व्यायाम तिनं खरोखरच सोडून दिला होता. भावानं ठरवलं, तिला तिच्याच उजव्या हातानं इंजिनाचा जोर सांभाळता येईल असं काहीतरी करून द्यायचं.

भावाची हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेली. ताई त्याला पुस्तक्याच म्हणायची. त्यानं वाचून वाचून शोधून काढलं, की आपल्याला सरकता पोटेन्शिओमीटर हवा. गाण्याच्या मिक्सरवर आवाज चढवायला सरकती दांडी असते ना, तोच. दांडी कुठवर सरकली हे तारांमधून कॉम्प्युटरला कळतं.

"लांब की आखूड?" दुकानातल्या बाईंनी विचारलं.

"लांब. हात जरा थरथरला तरी विमान दचकायला नको." हे उत्तर तो घरून पाठ करून आला होता.

"दहा के ओहमचा ना? ए की बी?"

हे पाठ नव्हतं. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली. फरक विचारायचा म्हणजे सगळ्यांसमोर अडाणी ठरायचं!

"ए," तो ठासून म्हणाला. ताईसाठी दुय्यम प्रतीचा माल कशाला घ्यायचा?

घरी त्यानं प्लायवूडच्या पेटीला बारीक करवतीनं खाच पाडली आणि खालून पोटेन्शिओमीटर बसवला. स्क्रू आवळले तर दांडी मधेच अडकली. स्क्रू लांब होते, त्यांची टोकं आत घुसून दांडीची वाट अडवत होती. वॉशर घातल्यावर ती लोण्यासारखी सरकली. तिच्यावर त्यानं तळहातात मावेल अशी लाकडी मूठ बसवली आणि पेटीच्या तारा कॉम्प्युटरला जोडल्या.

ताईनं मूठ पुढे ढकलली. अर्ध्यापर्यंत इंजिन ढिम्म. आणखी ढकलली, तर एकदम डरकाळी फोडून विमान उसळलं आणि शेपटीवर आपटलं. दुसऱ्यांदाही तेच.

"बघितलंस?" तिनं हात उचलून मांडीवर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. "पेटी चांगली केलीस रे. हातच फुकट गेलाय."

"थांब जरा." त्यानं स्वतः मूठ ढकलली, अगदी गोगलगायीच्या चालीनं. तरी तेच! अर्ध्यापर्यंत मुकं, पुढे डरकाळी.

आता त्याचं कुतूहल चाळवलं. खाचेच्या कडेला त्यानं पेन्सिलीनं सारख्या अंतरावर खुणा केल्या, विजेचा रोध मोजायच्या मीटरच्या तारा जोडल्या आणि एकेका खुणेवर आकडा वाचला. आकडा आधी रांगत होता, मग धावत सुटला. मोडलेली वस्तू इतकी शिस्तीत कशी वागेल? म्हणजे ती बनवलीच होती तशी.

तो दुकानात गेला. आजही गर्दी होतीच. कान तापले, तरी त्यानं विचारलं, "ए आणि बी यांत फरक काय?"

"ए आवाजासाठी. कानाला आवाज सारखा चढल्यासारखा वाटावा म्हणून आधी हळू, मग भरभर. बी सरळ, जेवढं सरकवाल तेवढंच."

"म्हणजे ए पहिल्या प्रतीचा नाही?"

बाई हसल्या. "काका, शाळेतली तुकडी वाटली की काय?"

बी बसवून झाल्यावर त्यानं ताईला सगळं सांगितलं, दुकानात विचारायला लाजलो होतो हेही.

"मूर्खा! आणि मी या बिचाऱ्या हाताला बोल लावत बसले." तिनं डाव्या हातानं उजवा उचलून मुठीवर ठेवला.

मूठ सावकाश मागे आली. इंजिनाचा आवाज पायरी पायरीनं उतरत गेला. विमान धावपट्टीला टेकलं, उडालं, पुन्हा टेकलं आणि बाजूच्या गवतात जाऊन थांबलं.

"गवतात घातलंस की!"

"घातलं ना? माझं मी घातलं." तिनं मूठ पुन्हा पुढे ढकलली. "सरक बाजूला, दिसत नाहीये मला."