हुबेहूब

पडद्यावरच्या हिरोने उजव्या हाताने आपला लुळा डावा हात उचलून मांडीवर ठेवला, आणि पेरांबूरच्या त्या थिएटरात शिट्ट्यांवर शिट्ट्या पडल्या. सरोजिनीने शेजारी बसलेल्या नवऱ्याला कोपराने हळूच ढोसलं.

"अहो, बघा तरी. हुबेहूब तुम्हीच."

"हं," दत्तोपंत म्हणाले.

गेल्या वर्षी हाच हिरो दांडगा पोलीस झाला होता, त्याआधी आंधळा गवई. कुठल्याही सोंगात विरघळून जायचा मेला, म्हणून तर अवघं मद्रास त्याच्यावर जीव टाकायचं. या वेळी त्याला अर्धांगवायू झालेला माणूस जवळून बघायचा होता. फिजिओथेरपिस्टच्या ओळखीने तो रेल्वेतून निवृत्त झालेल्या दत्तोपंतांकडे आला आणि कितीतरी दुपारी त्यांच्यासमोर नुसता बसून राहिला. सरोजिनीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आत साबुदाणेवडे तळायचे, बाहेर येऊन त्याला आग्रहाने वाढायचे आणि आपल्या मराठी वळणाच्या तमिळमध्ये सांगायचं, "आमचे हे कधी कुरकुरत नाहीत. सदा हसतमुख."

तो मान डोलवायचा.

आता पडद्यावरची बायको ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली. हिरोचं हसू मावळलं. त्याने लुळा हात तोंडाशी ओढून मनगटाचा कडकडून चावा घेतला. सोडून बघितलं, पुन्हा घेतला. आत बांगड्या वाजल्या तशी त्याने बाही खाली ओढली, ओठ पुसले. बायको बाहेर आली तेव्हा तो हसत होता.

 थिएटरात टाळ्या सुरू झाल्या.

 दत्तोपंतांच्या डाव्या मनगटावर वळ उठायचे. खुर्चीची लाकडी कड घासते असं समजून सरोजिनीने तिथे जुन्या साडीची चिंधी गुंडाळली होती, रोज खोबरेल चोळत होती. स्वतःच्या या युक्तीवर खूशही होती. तिने वळून पाहिलं. दत्तोपंत पडद्याकडे बघतच नव्हते. खाली मान घालून, उजव्या तळव्याने डावं मनगट झाकून बसले होते.

परतताना रिक्षात दत्तोपंतच आपणहून म्हणाले, "चांगलं काम केलंय पोराने."

"हो."

घरी तिने त्यांना खुर्चीत बसवलं. चिंधी सैल झाली होती, ती नीट आवळून बांधली आणि चहा टाकायला आत गेली. चहा झाला, कपात ओतला, त्यावर साय धरली तरी तिचं पाऊल उचलेना. इतकी वर्षं आपण दोघं एका घरात राहतोय असं ती समजत होती. 

मग दाराच्या आडच उभं राहून तिने हातातल्या बांगड्या वाजवल्या. जरा थांबून पुन्हा वाजवल्या, आणि कप घेऊन बाहेर आली.

दत्तोपंतांची डावी बाही खाली ओढलेली होती. ते हसत होते.