जपलेली तबकडी

सोलापुरात त्या काळी गाणं मुंबईत तयार व्हायचं आणि नबीसाबच्या कर्ण्यातून गावात यायचं. लग्न असो, बारसं असो, नाहीतर सुंता असो, विजापूर वेशीच्या आसपास मांडवाच्या खांबाला कर्णा बांधायचा तो नबीसाबनंच. त्यानं एखादी तबकडी चार लग्नांत लावली की नव्या पेठेतल्या रेकॉर्डच्या दुकानात लोक ती मागायला उभे. त्यानं नाही लावली, तर बसली बिचारी कपाटात धूळ खात. नवा माल आला की दुकानदार आधी नबीसाबला बोलावून चहा पाजायचा. 'नबीसाबनं लावलं म्हणजे गाणं खरं,' असं लोक म्हणायचे, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणून त्याला उगाच साधूसंत करण्यात काही अर्थ नाही.

शरणप्पा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. एकाच गल्लीत दोघांची घरं, मधे सार्वजनिक नळ. शरणप्पा बाजारात मापाडी होता, ज्वारी मोजायचा. मापाडी पहिलं माप टाकताना एक म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो, आणि पुढं सुरात मोजत जातो. बाकीचे मापाडी मोजायचे, हा गायचा. त्याचं मोजणं ऐकत हमाल पोती खाली ठेवून उभे राहायचे आणि अडत्याच्या शिव्या खायचे. संध्याकाळी मठात भजनाला बसला की कानडी म्हणा, मराठी म्हणा, त्याच्या गळ्याला दोन्ही सारखंच. लग्नात नवरदेवाचं वऱ्हाड यायला उशीर झाला की नबीसाब मशीन बंद करून माईक त्याच्या हातात द्यायचा. मग शरणप्पा स्वतः रचलेलं गाणं म्हणायचा:

पोटरीला आली जवारी, सये,
वाटेवर डोळं माजं,
धनी गेला दूर देशी
कोण राखील पीक माजं.

मोहोळच्या एका लग्नात हे गाणं एका पाहुण्यानं ऐकलं. तो निघाला मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस. गावोगावचे गळे शोधत फिरणं हेच त्याचं काम. त्यानं शरणप्पाला मुंबईला नेलं, काचेच्या खोलीत उभं केलं आणि दोन गाणी घेतली. एका बाजूला पोटरीची ज्वारी, दुसऱ्या बाजूला एक भजन. निघताना म्हणाला, "हिला मागणी आली तर पुढच्या वर्षी दुसरी काढू. गाणी तयार ठेवा."

शरणप्पानं गाणी तयार केलीसुद्धा. नळावर घागर भरता भरता नबीसाबला म्हणाला, "पहिली तर नशिबानं निघाली म्हन. दुसरी निघाली तर मी गाणारा. न्हाईतर मापाडी हाय तो हायच."

"निघतीय बे," नबीसाब म्हणाला. "जाती कुटं?"

होळीच्या सुमारास तबकडी गावात आली. छोटी, काळीभोर, कागदी पाकिटावर शरणप्पाचं नाव छापलेलं. कंपनीनं गाणाऱ्याला एक दिली होती, ती घेऊन शरणप्पा बायकोला दाखवायच्या आधी नबीसाबकडे आला. नबीसाबनं हात धुतले, पुसले, मशीनला नवी सुई लावली. बिबीजान, त्याची बायको, चुलीवरचा तवा उतरवून दारात येऊन बसली. गाणं सुरू झालं. आपल्याच गल्लीतला, रोज नळावर भेटणारा माणूस त्या मशीनमधून असा काही गात होता की नबीसाबच्या अंगावर काटा आला. डोळे भरून आले, म्हणून त्यानं पाठ फिरवली आणि उगाच वायर तपासत बसला.

गाणं संपलं. शरणप्पा त्याच्या तोंडाकडं बघत होता.

"बरं हाय," नबीसाब म्हणाला.

एवढंच. आता कुणी म्हणेल, दोस्ताला चार शब्द चांगले बोलायला याचं काय जात होतं? पण नबीसाबच्या आईनं त्याला शिकवलं होतं, जिवाभावाच्या माणसाचं तोंडावर कौतुक करू नये, नजर लागते. लोकांची लागते त्यापेक्षा आपल्या माणसाची जास्त लागते. म्हणून तो गप्प राहिला. "ही माज्याजवळ राहू दे," म्हणून त्यानं तबकडी ठेवून घेतली, आणि शरणप्पानं मोठ्या आनंदानं दिली. कर्णेवाल्यानं ठेवून घेतली म्हणजे ती वाजणार, हे काय सांगायला पाहिजे?

आणि इथंच सगळं बिनसलं.

नबीसाबचा बापही याच धंद्यातला. त्याच्याकडं चावीचा फोनो होता आणि लाखेच्या जाड तबकड्या. त्यातली एक त्याची फार लाडकी. लाडकी म्हणून रोज लावायचा. लोखंडी सुईनं ती खरवडून खरवडून अशी झाली की बाई गातेय का कढईत भजी तळतायत ते कळेना. म्हातारा शेवटपर्यंत हळहळत होता. नबीसाबच्या पेटीतल्या नव्या प्लास्टिकच्या तबकड्यांची तरी काय वेगळी गत होती? सोलापूरची धूळ, मांडवातली पोरं, घाईघाईनं उचललेली सुई. दोन हंगामांत तबकडी खरखरायला लागायची. सिनेमाच्या गाण्याचं काय, एक गेली, दुसरी आणली. पण शरणप्पाचा आवाज त्या धुळीत घासायचा? लोक पंगतीत 'कढी आण, भात आण' म्हणून ओरडत असताना? नबीसाबला ते बघवलं नसतं. त्यानं ती तबकडी रेशमी रुमालात गुंडाळली आणि पत्र्याच्या ट्रंकेत, बायकोच्या लग्नातल्या साडीखाली ठेवली.

दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. थांबलेली लग्नं लोकांनी त्या उन्हाळ्यात उरकायला काढली. नबीसाबला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मांडवात कुणीतरी म्हणायचंच, "शरणप्पाची लाव की, नबीसाब."

"लावतो की. टाइम येऊ द्या."

"आता नवरीचा बाप म्हणतोय, आणखी कसला टाइम?"

"हितं नको. ही काय ती ऐकायची जागा हाय?"

आणि लावायचा सिनेमातलंच. वर आणखी काय केलं, तर दुकानात जाऊन शरणप्पाच्या दोन तबकड्या विकत घेतल्या. एखादी फुटली, वाकली तर असावी म्हणून. बरं, घेतल्यास तर त्यातली एक तरी वाजव! तर नाही, त्याही रुमालात आणि ट्रंकेत. शरणप्पाचाच आवाज की तो, तो काय कमी मोलाचा?

बिबीजान वैतागली. "अंड्यांवर बसल्यासारखं बसलाय नुसतं. ट्रंकेत ठेवून पिल्लं निघणार हैत का?"

"तुला कळत न्हाई त्यातलं."

"मला न्हाई कळत. शरणप्पाभाईला तर कळतं? त्यांना सांगितलंय का तुमी?"

नबीसाबनं सांगितलं नव्हतं. त्याच्या मनात बेत होता. जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा भरतो. अक्कलकोट, कुंभारी, मोहोळ, सगळा मुलूख एका मैदानात उतरतो. त्या दिवशी, नव्या सुईवर, मैदानाच्या चारी बाजूंच्या कर्ण्यांतून, कोरी करकरीत तबकडी. ऐकणारा जागच्या जागी थांबला पाहिजे. आणि शरणप्पाला आधी कळता कामा नये. आधी बोललेली गोष्ट पार पडत नाही, हेही आईनंच शिकवलेलं.

इकडं शरणप्पा प्रत्येक लग्नात यायचा. मशीनजवळ बसायचा, चहा प्यायचा, नबीसाबचा हात पेटीकडं गेला की त्या हाताकडं बघायचा. हात वर यायचा तो दुसऱ्याच कुणाची तबकडी घेऊन. शरणप्पा म्हणायचा, "चांगलं हाय गाणं," आणि चहाची बशी खाली ठेवायचा. विचारलं मात्र त्यानं कधी नाही. आपल्याच पानात वाढा म्हणून आपणच ओरडायचं, हे त्याच्या स्वभावात नव्हतं. आषाढ लागेपर्यंत त्याचं येणं कमी झालं, श्रावणात थांबलं. नळावर भेटला की मान हलवायचा आणि घागर उचलायचा. नबीसाबला वाटलं, बाजारात माल जास्त येत असेल, दमत असेल. माणूस स्वतःच्या बेतात गुंग असला की त्याला समोरचं दिसत नाही, हेच खरं.

गड्डा भरला. नबीसाबनं पुण्याहून मागवलेली सुई लावली, मऊ फडक्यानं तबकडी पुसली, बिस्मिल्ला म्हणून सुई टेकवली.

पोटरीला आली जवारी, सये...

काय वाजली म्हणता! एक चरा नाही, एक खरखर नाही. आकाशपाळण्यात बसलेल्या बाया वाकून बघायला लागल्या. भेळवाल्याचा हात थांबला. गाणं संपलं तसा घोळका मशीनभोवती जमला. कोण गातंय, कुठं मिळते? नव्या पेठेचा दुकानदार गर्दीतच होता, त्यानं कपाळाला हात लावला. "अहो, दिवाळीनंतर सगळी परत पाठवली की मी कंपनीला. कुणी विचारतच नव्हतं. खपल्या त्या दोन, त्याबी यांनीच नेल्या." लोक हसले. नबीसाब नाही हसला.

तेवढ्यात गर्दीतून शरणप्पा आला. खांद्यावर बाजाराचं उपरणं तसंच होतं. लोक पांगेपर्यंत तो बाजूला उभा राहिला, मग मशीनजवळ येऊन बसला.

"वाजिवलीस," तो म्हणाला.

"ऐकलास न्हवं? बघ, एक चरा न्हाई. हात लावू दिला न्हाई कुणाला. तुज्यासाटी आजचा दिस राखून ठेवला हुता, बे." नबीसाबचा चेहरा फुलून आला होता. "आता बघ दुसरी कशी निघत न्हाई ती."

शरणप्पानं तबकडीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"दिवाळीला कंपनीचा मानूस आलता," तो म्हणाला.

"मग? कवा काढतोय?"

"न्हाई काढत. मीच नको म्हनलं."

नबीसाबला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "तू नको म्हनलास?"

"त्यो म्हनला, खप न्हाई झाला, पर आवाज चांगला हाय, आनी एकदा बघू. तुमच्या गावात कशी चालली? मी म्हनलं, आमच्या गावात गाण्यातलं कळनारा एकच मानूस हाय. त्यानं एकदाबी लावली न्हाई. दोस्त हाय म्हनून तोंडावर वाईट बोलला न्हाई, एवढंच. त्याला आवडलं न्हाई ते दुनियेला काय आवडनार? उगं तुमचा खर्च कशाला?"

"अरे, मला आवडली न्हाई असं कुनी सांगितलं तुला?"

"आवडली असंबी कुनी सांगितलं न्हाई की," शरणप्पा म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता तर नबीसाबला सोपं गेलं असतं.

"झिजली असती रे, शरणू. लग्नाकार्यात वाजवून वाजवून झिजली असती."

"झिजू द्यायची की, नबी." शरणप्पानं उपरण्यानं तोंड पुसलं. "झिजायलाच गायलो हुतो मी."

मग तो उठला. ईरम्माला, त्याच्या बायकोला, बांगड्या घ्यायच्या होत्या, ती पलीकडं वाट बघत उभी होती. मशीन रिकामं फिरत होतं आणि लोक गाणं लावा म्हणून ओरडायला लागले, तेव्हा नबीसाबनं हाताला येईल ती तबकडी लावली.

बैल गेला आणि झोपा केला, त्यातली गत. तरी नबीसाब मुंबईला गेला. कंपनीच्या दारात दिवसभर बसला. तो गळे शोधणारा माणूस नोकरी सोडून गेला होता, आणि सोलापूरचा शरणप्पा कोण हे तिथं कुणाला आठवत नव्हतं. परत येऊन त्यानं शरणप्पाला मठात गायला बस म्हणून किती विनवलं. शरणप्पा बसायचा, टाळही वाजवायचा, पण पुढं होऊन गाणं काही त्यानं परत धरलं नाही. दोस्ती तुटली असं नाही. नळावर दोघं बोलायचे, सणाला एकमेकांकडं जायचे. फक्त गाण्याचा विषय दोघंही काढत नसत.

त्यानंतर मात्र नबीसाबनं ती तबकडी जपली नाही. लग्नात, बारशात, पंगतीच्या गोंगाटात, जिथं कर्णा बांधला तिथं लावली. एक झिजली, दुसरी काढली. दुसरीही गेली.

पुढं पाचेक वर्षांनी, बाजारात कॅसेटी यायला लागल्या तेव्हा, कुंभारीच्या एका लग्नात तिसरी तबकडी वाजत होती. तिच्यातही आता खरखर भरली होती, पण आवाज कळत होता. नवरीचा मामा रेवणप्पा गाणं संपेपर्यंत हलला नाही. मग मशीनजवळ आला.

"कोन म्हनायचं हे? लई ग्वाड गळा हाय. ह्याची दुसरी लावा की."

"दुसरी न्हाई," नबीसाब म्हणाला.

"असा गळा, आन् दुसरी न्हाई? का न्हाई काढली त्यानं?"

नबीसाबनं सुई उचलून बाजूला ठेवली.

"मी काढू दिली न्हाई," तो म्हणाला.